अठ्ठेचाळीस व्होल्ट

पारोळ्याहून पोरगा आला, मोटारसायकलवर,
पाठीला दप्तर, दप्तरात लॅपटॉप.
म्हणाला, काका, अहिराणीत गोष्टी रेकॉर्ड करायच्यात,
माइक कोणता घेऊ, कंडेन्सर की डायनॅमिक?

मी सोल्डरिंगची कांडी स्टँडला लावली.
अमळनेरात, फाटकाच्या अलीकडे माझं दुकान.
पाटीवर अजून 'सुपडू बडगुजर, साउंड व मंडप'.
मंडप कधीचा विकला.

आधी डायनॅमिक दिला त्याच्या हातात.
जाळीवरचे पोचे बघ, म्हटलं, एकेका पोच्याला गाव आहे.
हा धरणगावचा, नवरदेवाच्या मामाने आपटला.
हा बेटावदचा, कुस्त्यांच्या फडात पंचाने फेकला.
हा कुठला, आता आठवत नाही.
आत लोहचुंबक, तारेचं वेटोळं आणि एक पडदा,
बस. वीज मागत नाही, लाड मागत नाही.
मे महिन्यात पत्र्याखाली, शेहेचाळीस डिग्रीत
ताशा, तुतारी, पुढाऱ्याची थुंकी, सगळं पचवतो.
अट एकच: जवळ ये, मग बोल.
हातभर मागे सरलास
की तू त्याचा कोणी नाहीस.

मग कपाटातून दुसरा काढला.
धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेला,
शेजारी ओल शोषणारी पुडी.
ह्याचा पडदा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
त्यावर सोन्याचा नुसता श्वास.
केबलमधून अठ्ठेचाळीस व्होल्ट चढवावे लागतात ह्याला.
फँटम म्हणतात. भूतच म्हण.
अंगात आलं की हा ऐकायला लागतो
आणि मग थांबत नाही:
ओठ सुटे होतानाची चिकटी,
पलीकडच्या गल्लीतला कुकर,
भिंतीवर पालीचं सरकणं.
स्टेजवर मात्र नेऊ नकोस,
समोर स्पीकर दिसला की किंचाळतो.

तुम्ही कोणता वापरता, काका?

त्याला सांगितलं नाही, तुम्हाला सांगतो.
जळगावचा एक स्टुडिओ बंद पडला, तेव्हा हा आणला.
रात्री घरी टेबलावर ठेवला,
एक, दोन, तीन म्हटलं, झोपलो.
दुसऱ्या दिवशी दुकानात हेडफोन लावला.
माझी मोजणी. तिच्याखाली पंख्याचं लंगडणं.
भुसावळकडे निघालेली मालगाडी, डब्याडब्याने.
आणि खूप मागे, चुलीपाशी, कोकिळा,
स्वतःशीच:
'मशीनसंगे एक दोन तीन करस,
मन्हासंगे पाढा बी नही.'

रिवाइंड केलं. परत ऐकलं.
माळ्यावर कॅसेटींची खोकी आहेत, सव्वीस वर्षांची,
लग्नं, कानबाई, भरीत पार्ट्या, सत्कार.
एकाही फितीत ती नाही.
असायची तिथेच,
हातभर मागे.

पोराला विचारलं, रेकॉर्डिंग कुठे करणार?
घरी. घराशेजारी काय?
पिठाची गिरणी.
मग विषयच संपला, म्हटलं, डायनॅमिक घे,
ओठांना लाव, गिरणी त्याला दिसणार नाही.
उद्या शांत खोली मिळाली,
भिंतींना गोधड्या टांगल्यास, तर दुसऱ्यासाठी ये.
पण खोलीत कोण कोण आहे
ते आधी स्वतः एकदा ऐकून घे.
तो हसला. पैसे मोबाइलवरून पाठवले.
केबल विसरून गेला, चौकातून परत आला.

शटर ओढून घरी गेलो.
ती भाकरी थापत होती.
पाट ओढला, अगदी वीतभर अंतरावर बसलो.
काय झालं, म्हणाली.
काही नाही. तू बोल.
तिने माझ्याकडे पाहिलं, मग परातीकडे.
'बाजूले सर,' म्हणाली,
'तवा तपेल शे.'